न उच्चारलेलं वाक्य

तिला सगळे फलाटताई म्हणत. बसडेपोच्या कर्ण्यातून गेली एकोणीस वर्षं तिचाच आवाज यायचा, "फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." दुकानात तिने अर्धा किलो साखर मागितली तरी शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायचं आणि एखादा थट्टेखोर विचारायचा, "ताई, साखर कितव्या फलाटावर लागली?" ती हसून सोडून द्यायची. आवाज सोडला तर आपल्यात वळून बघण्यासारखं काही नाही, हे ती स्वतःच सांगायची. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगाने किरकोळ, लग्न केलं नाही, घरी म्हातारी आई.

आईला साखरेचा आजार होता. डाव्या पायाच्या करंगळीपाशी झालेली जखम दोन महिने भरत नव्हती. ती धुऊन पट्टी बांधायला एक दिवसाआड रुग्णालयातली सिस्टर यायची. सिस्टर राहायची जुन्या सूतगिरणीच्या शेडमध्ये. डोंगराकडच्या वस्त्यांवर दरड कोसळली तेव्हा तिथली तीनशे माणसं या शेडमध्ये आणून ठेवली होती, दोन महिन्यांसाठी म्हणून. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. सिस्टरचा हात हलका होता आणि बोलणं थोडं. आई तिच्यासमोर सगळं आयुष्य उलगडून बसायची आणि मग लेकीला ऐकवायची, "तुझ्यापेक्षा तीच माझं ऐकून घेते."

मंगळवारी कॅसेटकाकांचा फोन आला. कॅसेटी जाऊन जमाना झाला, पण रेकॉर्डिंगवाल्या काकांना ते नाव चिकटलं ते चिकटलं. डेपोच्या सूचना, दुकानांचे सेल, हरवलेली माणसं, सगळं फलाटताई त्यांच्याकडेच वाचायची. शिंप्याच्या दुकानामागे त्यांची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि रेकॉर्डिंग चालू असलं की पंखा बंद.

आत नागरिक समितीचे सचिव बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं मात्र लोण्यासारखं. त्यांनी उठून तिला खुर्ची दिली आणि मग कागद दिला. टेम्पोवरून फिरवायची सूचना होती. तिने एकदा मनाशी वाचून काढली.

"तिसऱ्या गल्लीत तीन मुलांना कावीळ झाली. सूतगिरणीच्या शेडमध्ये तीनशे लोक राहतात. त्यांची तपासणी कोणी केली? आपल्या मुलांची काळजी कोण घेणार? रविवारी सकाळी दहा वाजता सगळे जण सूतगिरणीच्या मैदानावर येत आहेत. आणि आपण?"

"कावीळ आणि शेड, यांचा संबंध काय?" तिने विचारलं.

"संबंध आहे असं आम्ही कुठे म्हटलंय?" सचिव म्हणाले. "एकेक वाक्य तपासा. एक जरी खोटं निघालं तर कागद इथेच फाडतो."

तिने तपासलं. तीन मुलं आजारी होती, हे खरं. शेडमध्ये तीनशे माणसं होती, हेही खरं. पुढचे दोन नुसते प्रश्न.

"सगळे जण येत आहेत, हे कशावरून?"

"जे येतील ते सगळेच की."

ते हसले. तीही हसली.

पहिलं वाचन सपक झालं. ते तिला स्वतःलाच खटकलं. वाईट वाचलेली सूचना तिला भातातल्या खड्यासारखी लागायची. ती म्हणाली, "मुलांना नको, लेकरांना म्हणू या. आणि 'तीनशे लोक राहतात' झाल्यावर मी जरा थांबते."

ती थांबली. दोन सेकंद, फार तर अडीच. हेडफोनमध्ये ती शांतता अशी काही उतरली की तिच्याच अंगावर काटा आला. सचिवांनी डोळे मिटले होते. "वा," ते म्हणाले, "आता कागद बोलायला लागला."

त्या दिवशी ती खुशीत घरी गेली.

बुधवारी सकाळपासून टेम्पो फिरू लागला. स्वतःचा आवाज रस्त्यात भेटायची तिला सवय होती, त्यामुळे तिने लक्ष दिलं नाही. गुरुवारी गल्लीतली पोरं तिची नक्कल करताना दिसली. "शेडमध्ये तीनशे लोक राहतात," असं म्हणून ती गाल फुगवून श्वास धरायची आणि एकमेकांकडे डोळे मोठे करून बघायची. वाणी पुडी बांधता बांधता म्हणाला, "बरं झालं ताई, कोणीतरी बोललं."

"मी काय बोलले?"

"तेच," वाणी म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ते 'तेच' तिच्या डोक्यात घरापर्यंत ठसठसत राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा वास आला. आधी तिला वाटलं मोरी तुंबली असेल. मग आईने पाय चादरीखाली ओढून घेतलेला तिने पाहिला.

"पट्टी कधी बदलली?"

"बदलेल."

"आई, कधी बदलली?"

"सोमवारी."

"बुधवारी सिस्टर आली नाही? आज नाही आली?"

"दोन्ही वेळा आली होती. मीच कडी काढली नाही." आई भिंतीकडे बघत होती. "आतून सांगितलं, आता येऊ नको."

"का?"

"का म्हणजे? तूच म्हणालीस ना. शेडमधल्या लोकांमुळे लेकरांना कावीळ झाली. तिचा हात माझ्या उघड्या जखमेला लागतो."

"मी असं म्हटलेलं नाही."

"म्हणालीस. मी या कानांनी ऐकलं. दिवसातून सहा वेळा."

तिने पिशवीतून कागद काढला आणि आईच्या पुढ्यात बसून सबंध वाचून दाखवला. ते वाक्य त्यात नव्हतं. आईने ते लक्ष देऊन ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"मग तू थांबलीस कशाला?"

"कुठे?"

"तीनशे लोक राहतात म्हणालीस आणि थांबलीस. वाईट बातमी सांगायच्या आधी तू अशीच थांबतेस, लहानपणापासून. शाळेत नापास झालीस तेव्हा, तुझा बाप गेला तेव्हा. मला कळत नाही का?"

फलाटताईने हातातला कागद पुन्हा पाहिला. त्या अडीच सेकंदांत आईने जे ऐकलं होतं तेच वाण्याने ऐकलं होतं आणि पोरांनीही. ते कागदावर नव्हतं म्हणून कोणी खोडूही शकत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिने गरम पाणी करून जखम धुतली. कडेची कातडी पांढरी पडली होती आणि ओलसर लागत होती. हे चांगलं की वाईट ते तिला कळेना. तिने फोनवर फोटो काढला, सिस्टरला चार वेळा फोन लावला. बंद होता.

शनिवारी सकाळी ती सूतगिरणीवर गेली. फाटकाच्या आत पाण्याच्या टाकीपाशी बायका कॅन भरत होत्या. तिने सगळ्यात जवळच्या बाईला विचारलं, "सिस्टर कुठे राहतात?"

बाईचा हात तोटीवर तसाच राहिला. कॅन भरून वाहू लागला. बाईने पाणी बंद न करता कडेवर मूल उचललं आणि आत निघून गेली. बाकीच्याही पांगल्या. एकामागून एक पत्र्याची दारं लागली. फलाटताईने पुढे होऊन तोटी बंद केली आणि तोंडावर पदर धरून उभी राहिली. पुन्हा विचारायची तिची छाती होईना. शेडच्या कडेला गाठोडी रचून ठेवलेली होती, एका खाटेचे पाय सुटे करून दोरीने बांधलेले होते.

थोड्या वेळाने सिस्टरच बाहेर आली.

"ताई, इथे बोलू नका," ती हळू म्हणाली. "तुमच्या आवाजाने पोरं दचकतात."

तिने फलाटताईला शेडच्या मागे नेलं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर फलाटताईला सोपं गेलं असतं. वाण्याने सिस्टरला सामान देणं बंद केलं होतं. तुमच्यावर माझा राग नाही, पण सगळेच म्हणताहेत, असं म्हणाला होता. रुग्णालयातून तिला रविवार उलटेपर्यंत रजा घ्यायला सांगितलं होतं. फोन तिने मुद्दाम बंद ठेवला होता, कारण अनोळखी माणसं फोन करून वाटेल ते बोलत होती.

"उद्या काय होणार आहे, ताई?"

"सभा."

"नुसती सभाच ना?"

फलाटताईने पदर सारखा केला. सिस्टर म्हणाली, "कावीळ कशाने झाली ते पाणी खात्याने महिन्यापूर्वीच शोधलंय. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला पाइप फुटून गटाराला लागलाय. अहवाल त्यांच्या फलकावर आहे. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, त्या पाइपशी आमचं काही देणंघेणं नाही."

"समितीला हे माहीत आहे?"

"अहवाल समितीनेच मागितला होता. खाली तसं लिहिलंय." मग तिने हात पुढे केला. "आजींच्या पायाचा फोटो काढलाय का? दाखवा."

तिने फोटो मोठा करून निरखला. "आजच रुग्णालयात न्या. सोमवारची वाट बघू नका."

दुपारपर्यंत फलाटताई आईला घेऊन रुग्णालयात होती. डॉक्टरांनी मेलेली कातडी कापली, औषधं बदलली आणि मंगळवारी बोलावलं. करंगळीबद्दल आत्ता काही सांगत नाही, म्हणाले. येताना तिने रिक्षा पाणी खात्याच्या कार्यालयापाशी थांबवली. फलकावर निविदा आणि बदल्यांच्या याद्यांखाली एक कागद अर्धा झाकलेला होता. तिने वरचे कागद उचलले. गल्ली, तारीख, पाइप, गटार, आणि शेवटी 'नागरिक समितीच्या सचिवांच्या विनंतीवरून'.

तिने तिथूनच सचिवांना फोन लावला.

"ताई, तुमचा त्रास मला समजतो," ते म्हणाले. आवाज तसाच मऊ. "पण पाइप दुरुस्त होतोच आहे. शेडचा प्रश्न वेगळा. ती जागा दोन वर्षं अडकून पडली आहे."

"मग तसं सरळ सांगा ना लोकांना. जागा हवी आहे म्हणून."

"जागेसाठी रविवारी सकाळी कोण घराबाहेर पडेल? लेकरांसाठी पडतात. तुम्हीच तर शब्द सुचवलात."

"माझा आवाज काढून टाका. टेम्पो थांबवा."

"आम्ही फक्त प्रश्न विचारले, ताई. बोललात तुम्ही. लोकांनाही तेच आठवेल." आणि तब्येतीची काळजी घ्या म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तीन वाजता ती कॅसेटकाकांच्या खोलीत पोचली. तिला पाहताच काकांनी मान खाली घातली.

"उद्यासाठी नवीन सूचना झाली," ते म्हणाले. "काल सचिवांना करून दिली. मला वाटलं तुला विचारलं असेल."

"मी तर आलेच नाही."

काकांनी बटण दाबलं. तिचा आवाज आला, "आज शेवटची संधी. अनोळखी व्यक्तींपासून आपल्या लेकरांना जपा." 'शेवटची' हा शब्द रोजच्या शेवटच्या गाडीचा होता. 'अनोळखी व्यक्ती' डेपोतल्या बेवारस सामानाच्या सूचनेतून उचलली होती. जोड कुठेही ऐकू येत नव्हता. काकांचा हात त्या कामात बसलेलाच होता.

"ध चा मा केलात, काका."

"केला. निस्तरायला काय करू ते सांग."

"उलट सूचना करू या. आत्ता." तिने कागद ओढला आणि भराभर लिहिलं. 'आयांनो, तुमच्या नळातून काय येतंय? समितीने तुमच्यापासून काय लपवलं?' माइकसमोर बसून तिने ते वाचलं, आणि 'काय लपवलं' च्या आधी थांबली. थांबायचं ठरवलं नव्हतं, आपसूक थांबली.

काकांनी हेडफोन काढला. "हे पण तेच आहे, पोरी."

"पण हे खरं आहे."

"तेही खरंच होतं. कावळा बसला, हे खरं. फांदी तुटली, हे खरं. कावळ्याने फांदी मोडली असं कोणी म्हटलं नाही, पण तू अशी काही थांबलीस की लोक दगड घेऊन कावळ्यामागे लागले. आता उद्या सचिवाच्या घरावर जातील. तिकडेही म्हातारी माणसं आहेत."

तिने कागद चुरगळला. दुसरा लिहायला तिला तासभर लागला, कारण प्रत्येक ओळीत काहीतरी जोर काढणारं येत होतं आणि ते खोडावं लागत होतं.

शनिवारी संध्याकाळी डेपोत गर्दी असते म्हणून ती तिथे प्रत्यक्ष बसून सूचना द्यायची. सहा वाजता, दोन गाड्यांच्या मधे, तिने वाचलं.

"प्रवाशांनो, ही गाडीची सूचना नाही. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला पाण्याचा पाइप फुटून गटाराला लागला आहे. मुलांना कावीळ त्यामुळे झाली, असा पाणी खात्याचा अहवाल आहे. तो त्यांच्या फलकावर आहे. शेडमध्ये टँकरचं पाणी येतं. टेम्पोवरची सूचना मी वाचली होती. त्यात पाइप गाळलेला होता आणि मी विचारलं नाही. माझ्या शब्दावर जाऊ नका. फलक वाचा, पाइप बघून या."

डेपो स्तब्ध होईल असं तिला कुठेतरी वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एका बाईने खिडकीतून विचारलं, "मुक्कामाची गाडी लागली का?" तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना डेपोच्या साहेबांनी येऊन वायर ओढली आणि तिला घरी जायला सांगितलं. बाहेर एक ड्रायव्हर विडी विझवत उभा होता. "तो पाइप माझ्या दारासमोरच आहे, ताई," तो म्हणाला. "मी समजत होतो गटार तुंबलंय." तो आणखी दोघांना घेऊन त्या बाजूला गेला.

रविवारी सकाळी ती आईच्या पायाशी बसून होती. नऊ वाजता टेम्पो गल्लीत शिरला. "आज शेवटची संधी," खिडकीतून आवाज आला. "अनोळखी व्यक्तींपासून आपल्या लेकरांना जपा."

आईने तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. आईने खिडकीकडे पाहिलं, पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू तर इथे आहेस."

"हो."

"मग हे कोण बोलतंय?"

"माझे शब्द कापून जोडलेत, आई. मी हे कधी बोललेच नाही."

टेम्पो वळणावरून पुढे गेला तरी आईची नजर लेकीच्या ओठांवरच होती, जणू ते केव्हाही हलतील.

दहाच्या सुमाराला मैदानाकडून गलका ऐकू येऊ लागला. दोघी ऐकत बसल्या. मग काचा फुटल्यासारखं काहीतरी वाजलं, पोलिसांची शिट्टी वाजली. फलाटताई तीनदा दारापर्यंत गेली. आईने तिला जाऊ दिलं नाही, आणि तिचीही हिंमत नव्हती, हे तिने नंतर काकांपाशी कबूल केलं.

दुपारी ड्रायव्हर सांगायला आला. दीडशे-दोनशे लोक जमले होते. पत्र्यांवर दगड पडले, एका म्हाताऱ्याच्या डोक्याला खोक पडली. पण तिसऱ्या गल्लीतले बरेच लोक मैदानावर गेलेच नाहीत, सकाळपासून पाइपाभोवती उभे होते. आजारी मुलांपैकी दोघांचे बाप तिथेच होते. पाणी खात्याच्या माणसाला त्यांनी घरून उठवून आणलं होतं.

पाइप गुरुवारी दुरुस्त झाला. शुक्रवारी समितीचं पत्रक निघालं, 'आमच्या पाठपुराव्याला यश.' त्यातलंही एकेक वाक्य खरं होतं. शेडमधली अकरा कुटुंबं त्याआधीच निघून गेली होती. कुठे गेली ते कोणी सांगू शकलं नाही.

सिस्टर राहिली. मंगळवारी डॉक्टरांनी आईची करंगळी काढली, आणि आई घरी आल्यावर सिस्टर पट्टी करायला आली. आईने स्वतः उठून, भिंतीला धरत, कडी काढली. क्षमा वगैरे मागितली नाही. पाय पुढे करून म्हणाली, "गेल्या वेळी तुझ्या भावाचं सांगत होतीस. पुढे काय झालं?" सिस्टरने पट्टी सोडवता सोडवता थोडंसं सांगितलं. आईने मधे एकदाही स्वतःचं काही घुसडलं नाही.

डेपोने फलाटताईला कामावरून कमी केल्याचं पत्र दिलं. आता तिथे नवा आवाज आहे. काही जण तिच्याशी बोलत नाहीत, त्यात शेडमधलेही आहेत आणि समितीतलेही.

महिन्याभराने टेम्पो पुन्हा गल्लीत आला. या वेळी बाजारातल्या फेरीवाल्यांबद्दल काहीतरी होतं. आवाज कोवळा होता, विशी-बाविशीतल्या मुलीचा. फलाटताई भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि कान दिला. मुलीने एक वाक्य संपवलं आणि ती थांबली. दोन सेकंद, फार तर अडीच. छान थांबली होती.

फलाटताईने हात पुसले, चप्पल पायात सरकवली आणि त्या मुलीचा पत्ता विचारायला कॅसेटकाकांच्या खोलीकडे निघाली.